डनलूसचा किल्ला आणि सुमीचं लग्न

प्रिय आई, बाबा,

किल्ल्याचे फोटो बघून आईने फोनवर जे सुरू केलं, की कड्यावर एकटी कशाला गेलीस, त्याचं उत्तर आधी देते, फोनवर तू बोलूच देत नाहीस. मी एकटी नव्हते, हॉस्पिटलमधल्या माझ्या वॉर्डातल्या केरळच्या दोघी बरोबर होत्या. कड्याला कठडा आहे, रीतसर तिकीट काढून आत जायचं. विजयदुर्गाच्या तटावर बाबा आम्हाला जिथे उभं करायचे तिथे काय होतं? आणि काकांनी फॉरवर्ड केलेली बेलफास्टच्या दंगलीची क्लिप २०२४ च्या ऑगस्टमधली आहे, ती बघून आजीची झोप उडवू नका. रात्रपाळीवरून आम्ही टॅक्सीनेच येतो.

तर सेंट पॅट्रिकची सुट्टी होती म्हणून ट्रेनने उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं पोर्टरश आणि पुढे बसने डनलूस. समुद्रात घुसलेल्या काळ्या खडकावर पडका किल्ला, मध्ये दरी, दरीवर पूल. छप्पर कशालाच नाही, खिडक्यांतून नुसतं आभाळ. बाबा, तुम्हाला आवडला असता. १५८४ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून घेतला तर इथला सरदार सॉर्ली बॉय मॅकडॉनेल, त्याची माणसं टोपल्यांत बसून दोरांनी कडा चढली आणि परत घेतला, आतला माणूस सामील होता म्हणे (तो असतोच). मग १५८८ ला स्पेनच्या आरमारातलं जिरोना जहाज जवळच फुटलं, हजारावर माणसं बुडाली, आणि ह्यांनी त्याच्या तोफा काढून किल्ल्यावर चढवल्या.

आईसाठी वेगळी गोष्ट. १६३९ च्या वादळात इथलं स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात गेलं, कोपऱ्यात बसलेला एक पोरगा तेवढा वाचला, आणि बाईसाहेब म्हणाल्या मी इथे राहणार नाही. दंतकथाच असणार, कारण स्वयंपाकघराचा भाग अजून तिथे दिसतो.

पण खरी गंमत पोर्टरशच्या किनाऱ्यावर. मार्चचं पाणी म्हणजे फ्रीजमधल्या बाटलीतलं, आणि त्यात साठी-सत्तरीच्या बायका पोहतात! डोक्यावर लोकरीची टोपी, ती काढायची नाही, म्हणजे मान वर ठेवून पोहायचं, एकमेकींशी गप्पा चालू. कोणी स्पर्धा नाही, नवस नाही, डॉक्टरने सांगितलेलं नाही. थोड्या वेळाने लाल होऊन बाहेर येतात, अंगावर तंबूएवढा कोट, त्याच्या आतच कपडे बदलायचे, मग थर्मासमधला चहा. मी एकीला विचारलं का हो, तर म्हणाली बरं वाटतं. एवढंच! मला पण बोलावत होत्या. मी नाही गेले, आई. कानटोपी घातली होती, खोकला पूर्ण गेलाय.

बाबा, या महिन्यात साठ हजार पाठवलेत, त्यातून हप्ता जाऊ दे आणि पावसाआधी पडवीचं छप्पर करून घ्या. कुडाळच्या मुलाचं आत्याला सांगा की आधी सुमीचं होऊ दे. आणि सुमीचं... मेमधली रजा वॉर्डात आधीच वाटली गेलीय, दोनदा विचारलं, कोणी बदलून द्यायला तयार नाही. जूनमध्ये मिळेल पण पावसात कोण लग्न करतं, मुहूर्त माझ्यासाठी हलवू नका. व्हिडिओ कॉल लावून ठेवा, मी ड्यूटी संध्याकाळची करून घेतलीय म्हणजे तुमच्याकडच्या सकाळच्या मुहूर्ताला घरीच असेन. सुमीला मी अजून सांगितलेलं नाही, आई तू सांग, नाहीतर नको, मीच सांगते रविवारी.

तिच्या शालूचे वीस हजार वेगळे पाठवते, ते छपरात घालू नका.

तुमची,
माई