कार्पेट उचलून बघितलंस का?

बाळ्या,

रात्रीचे साडेबारा वाजलेत. आई झोपलीय, म्हणजे झोपल्याचं दाखवालीय. संध्याकाळी फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "ऑडीच्या चार रिंगांसाठी कर्ज काढालाईस" हे तोंडातनं गेलं आणि गेलं ते गेलंच, तू पण "पप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही" म्हणून फोन ठेवलास. चूक दोघांची, माझी जरा जास्त. आता गाडीबद्दल एक शब्द बोलणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून हे लिहून पाठवतोय, लिहिण्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

तेवढं एकच सांग, त्या सेकंडहँड गाडीचं कार्पेट उचलून बघितलंस का? वरचं रबरी मॅट नव्हे, त्याच्या खालचं, चिकटवलेलं असतं ते.

तू पाठवलेले फोटो मी उद्यमनगरात सगळ्यांना दाखवले. खरं सांगायचं तर भांडण व्हायच्या आधीच दाखवले, चहाच्या टपरीवर, पोरगं ऑडी घ्यालंय म्हणून. गल्लीत आपल्या बापजाद्यांत कुणी सायकल सोडून दुसरं काही नवं घेतलं नाही, माझी पहिली स्कूटर पण तुझ्या मोठ्या मामाची उतरलेली. त्यामुळं राग आला असं समजू नकोस. फोटो झूम करून बघताना एका जणानं नंबर प्लेट वाचली, एमएच 10. आणि मला चहा गोड लागेना.

सांगलीची गाडी, 2016 चं मॉडेल. म्हणजे 2019 च्या ऑगस्टमध्ये ती कुठंतरी उभी होती. सांगलीत कृष्णेनं काय केलं आणि इथं कोल्हापुरात पंचगंगेनं काय केलं ते तुला सांगायला पाहिजे का, तू पुण्यात अडकलेलास, शिरोलीला हायवेवर पाणी, आठवडाभर रस्ता बंद, इथं राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्या वर गेलेलं. तू म्हणतोस डीलरनं सर्व्हिस हिस्टरी दिलीय. बघितली मी ती पीडीएफ. जून 2019 ला सर्व्हिस, त्याच्यानंतर एकदम फेब्रुवारी 2020. मधे काही नाही. असेल, चालवलीच नसेल, मालक बाहेरगावी असेल. सगळ्यात वाईट तेच का धरायचं, असं आई म्हणते. बरोबर आहे तिचं.

पार्टचं मात्र तुझं बरोबर होतं आणि मी उगाच वाद घातला. तू म्हणालास तुझी ऑडी ए3 आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आतनं एकच, मी म्हटलं काहीतरी सांगू नकोस. मग बसून वाचलं. एकाच एमक्यूबी सांगाड्यावर दोन्ही, 1.8 टर्बो पेट्रोल दोघांत, 180 पीएस आणि 250 न्यूटनमीटर दोघांचं, गिअरबॉक्स पण तोच सात गिअरचा ड्राय क्लचवाला, आणि जुळणी दोन्हींची आपल्या शेंद्र्यालाच व्हायची, तेव्हाच्या औरंगाबादला. पुढच्या चाकाचा ॲक्सल आणि पेडल यांच्यातलं अंतर त्यांनी एकदा ठरवलं ते कायम, बाकी लांबी-रुंदी मॉडेलप्रमाणं ताणायची. मला हे लई पटलं, कारण शॉपमध्ये, आपल्या मशिनिंगच्या वर्कशॉपात, आपण तेच तर करत आलोय. तुला आठवतंय का ते ब्रॅकेट, तू दहावीच्या सुट्टीत बर्, म्हणजे कडेची कुसळं, काढायला बसायचास? कास्टिंग एका पॅटर्नचं, एका हीटचं म्हणजे एकाच वेळच्या रसाचं, मशिनिंग एकाच फिक्स्चरवर, बोअर तोच. निम्मा माल एका पेटीत एका पार्ट नंबरनं आणि निम्मा दुसऱ्या पेटीत दुसऱ्या नंबरनं. दुसऱ्या पेटीचा रेट आम्हाला पीसमागं दोन रुपये जास्त, इन्स्पेक्शन रिपोर्टचा कागद जरा जाड असायचा म्हणून. तू तेव्हा विचारलेलंस, "पप्पा, हे फसवणं नाही का?" मी म्हटलं, अरे पीस चांगलाच आहे की, नाव वेगळं.

तर रिंगांचं तेवढं ध्यानात ठेव. ब्रेक, बुश, सेन्सर, इंजिनच्या आतलं सामान, हे दोघांचं बरंचसं सारखं, पार्ट नंबर 5क्यू0 नं सुरू होतो त्यातलं पुष्कळ. पण जे डोळ्याला दिसतं ते ऑडीचं ऑडीलाच, 8व्ही नं सुरू होणारं. हेडलाइट, बंपर, ग्रील, ती डॅशबोर्डातनं वर येणारी स्क्रीन. म्हणजे बुश गेला तर ऑक्टाव्हियाच्या भावात भागेल, आणि वाकडच्या सिग्नलला रिक्षावाल्यानं पुढनं घासली तर पूर्ण रिंगांचा भाव. आणि नंबर सारखा दिसला तरी शेवटचं अक्षर बघितल्याशिवाय पार्ट घ्यायचा नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन मापाच्या डिस्क असतात. कुठली बसलीय ते गाडीच्या स्टिकरवरच्या पीआर कोडवरनं कळतं. ते स्टिकर असतं मागं डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्याजवळ. कागदाचं असतं. ते बघ. कोड नंतर वाच, आधी कागद बघ, फुगलाय का, त्याच्यावर लाट आलीय का, कडेला तपकिरी रेघ आहे का. नवीन चिकटवलेलं दिसलं किंवा नसलंच तर सरळ उठून ये.

बघ, परत तिथंच आलो.

गिअरबॉक्सचं बोलतो. ड्राय क्लच म्हणजे दोन क्लच आणि ते तेलात बुडालेले नाहीत, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तू फूट फूट सरकत जाणार, हाफ क्लच म्हणजे काय ते तुला आपल्या जुन्या मारुती इस्टीमवर शिकवलंय, इथं ते गाडीच स्वतः करत असते आणि तापते. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरली तर "असंच असतं सर" म्हणेल तो, तसं नसतं. बरोबर एखादा लॅपटॉपवाला मेकॅनिक घेऊन जा, स्कॅन करायला लाव, नुसतं इंजिन नको, सगळे मॉड्यूल. किलोमीटर मीटरवर 41 हजार दिसतात ते दुसऱ्या मॉड्यूलमध्ये किती दिसतात बघ. गाडी नावावर करायला फॉर्म 29, 30 आणि मालकाचं लोन असलं तर ते उतरवायचा 35, ते तुला माहीत आहे. ऑक्टाव्हियाला डिकी 590 लिटर आहे, पाळणा, दुपटी, आईनं पाठवलेली तिखटाची बरणी सगळं मावेल, ए3 मध्ये 425. हे मी नुसतं सांगून ठेवलं. तुझे पैसे, तुझी गाडी. मी इकडं बसून किती शहाणपणा शिकवतोय, तू रोज त्या कॉम्प्युटरवर माझ्या वर्षाच्या टर्नओव्हरएवढ्या पैशाचं काम सांभाळतोस आणि मी तुला फॉर्मचे नंबर सांगतोय. सोडून दे.

पण सूनबाईला सातवा लागेल पुढच्या महिन्यात, आणि तुम्ही इकडं याल ते त्याच गाडीतनं, ऐन पावसात, खंबाटकीतनं. म्हणून बोलतो.

इस्टीमचं तुला सांगायचंय. तुला वाटतं ती भंगारात गेली. मीच तसं सांगितलेलं.

2019 ला कुंभार गल्लीच्या अलीकडं उभी होती ती, 2005 च्या पुराला तिथं पाणी आलं नव्हतं म्हणून सगळ्यांनीच गाड्या तिथं लावलेल्या. राधानगरीचे दरवाजे उघडले, परत उघडले, आम्ही मोजत बसलेलो. रात्रीत सीटपर्यंत पाणी. पाच दिवस ती तशीच. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी, तेव्हा मी तेवढाच भरायचो. पाणी उतरल्यावर ढकलत शॉपमध्ये आणली. इंजिन ऑईल काढलं तर चहासारखं, तीनदा बदललं. सीटा काढून पत्र्यावर वाळत टाकल्या, कार्पेट धुतलं, खालचा फोम पिळला तर पंचगंगेचा अख्खा गाळ, तो काढून टाकायला पाहिजे होता, मी हॅलोजन लावून वाळवला आणि परत घातला. फ्यूज बॉक्सवर स्प्रे मारला. मोगऱ्याचं अत्तर टांगलं आत. आणि चालू झाली रे ती. 1.3 चं इंजिन, पहिल्या स्विफ्टला पण त्याच घराण्यातलं दिलेलं, सेन्सर आणि केबली मी स्विफ्टच्या भंगारातनंच आणल्या. असा खूश झालेलो मी. तू असतास तर तुला दाखवलं असतं.

मग ताईच्या डिलिव्हरीचं बिल आलं, शॉपमध्ये दोन मशिनी पाण्यानं बसलेल्या, आणि गारगोटीकडचा एक माणूस गाडी बघायला आला. साधा माणूस, बायको आणि दोन पोरं बरोबर. त्यानं टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला, अत्तराचा वास छान आहे म्हणाला. बोनेट उघडलं आणि बंद केलं. कार्पेट काय उचललं नाही. मी मनात म्हणत होतो, विचार, पाण्यात होती का विचार, विचारलंस तर सांगतो. त्यानं विचारलं नाही. पंचावन्न हजार दिले मोजून, शंभर-शंभरच्या नोटा पण होत्या त्यात. जाताना बारक्या पोरानं मागच्या काचेतनं हात केला.

डिसेंबरात त्याचा फोन आला. दाजीपूरहून पुढं फोंडा घाट उतरताना रात्री सगळे दिवे एकदम गेले. पूर्ण अंधार, वळणावर, पोरं मागं. कडेच्या दगडाला टेकवून थांबवली म्हणाला. कुणाला काही झालं नाही. भांडायला फोन नव्हता केला त्यानं, मला वायरिंगवाला माहीत आहे का विचारायला केलेला. आणि मी म्हटलं, जुनी गाडी आहे दादा, व्हायचंच. हेच शब्द. वायरिंगवाल्याचा नंबर दिला.

तो नंबर दिल्यावर परत फोन आला नाही. मी पण केला नाही. दोनदा गारगोटीला कामासाठी गेलो, स्टँडवर पांढरी इस्टीम दिसते का बघत होतो, काय करणार होतो दिसली असती तर कुणास ठाऊक.

म्हणून मला माहीत आहे बाळ्या, कुठं बघायचं ते. विकणारा जिथं हात लावत नाही तिथं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढ, पूर्ण, ढोलीत गुंडाळलेला भाग बाहेर येईपर्यंत, तिथं गाळाची रेघ राहते, मी पण तो धुतला नव्हता. सीटच्या रुळाचे बोल्ट बघ खालनं, गंजलेत का, आणि पान्याच्या ताज्या खुणा आहेत का, सीटा काढल्याशिवाय कार्पेट निघत नाही. दाराच्या पट्टीखालनं कार्पेटच्या आत वायरींचा जाड गठ्ठा जातो, तिथं कनेक्टरवर हिरवं दिसतंय का. हेडलाइटच्या आत धूळ बसलीय का, बाहेर नव्हे, आत. आणि आत फार छान वास येत असला तर मला फोन कर. माझ्या त्या गाडीत वायरी किती होत्या, मोजून. ह्या तुझ्या गाडीत दारातली काच पण कॉम्प्युटरला विचारून खाली येते. पाणी लगेच काही करत नाही, चार महिन्यांनी, वर्षानं, रात्री घाटात करतं.

आणि विकणाऱ्याला तोंडावर विचार. "गाडी पुरात होती का?" एवढंच. त्याच्याकडं बघत विचार आणि मग गप बस, पुढं काही बोलू नकोस. उत्तरापेक्षा त्याला किती वेळ लागतो ते बघ.

शनिवारी मी पहाटेच्या एसटीनं येतो. ये म्हणालास तरी येतो आणि नको म्हणालास तरी येतो, तिकीट काढलंय. टॉर्च आणि छोटा आरसा आणतोय, दाताच्या डॉक्टरचा असतो तसला, शॉपमध्ये बोअर बघायला आहे तो. डीलरला मी काय करतो ते सांगू नकोस, वडील आहेत, पुणं बघायला आलेत म्हण. मी तिथं काही बोलणार नाही. बेल्ट ओढणार आणि स्टेपनी उचलणार, बास.

बेल्ट स्वच्छ निघाला तर घे. रिंगांवर मी परत बोललो तर माझं नाव बदल. टेस्ट ड्राइव्हला पुढच्या सीटवर मी बसणार तेवढं, आणि एक फोटो काढ माझा, टपरीवर दाखवायला.

सूनबाईला फोन करून उगाच टेन्शन देऊ नकोस, तिला म्हण पप्पा लाडू घेऊन येताहेत. आई डिंकाचे करालीय, सकाळपासनं.

पप्पा

ता.क. इस्टीमचं आईला माहीत नाही. ते पंचावन्न हजार तिला मी भिशीचे म्हणून सांगितलेत. हा मेसेज वाचून झाला की काढून टाक, म्हणजे शेवटचा भाग. बेल्टचं तेवढं लिहून ठेव कुठंतरी.