पिंप ओतलं, पण घासलं कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डेंग्यूचे दिवस आले की पेपरात, भिंतीवर, मोबाईलवर एकच पालुपद चालू होतं, पाणी साठू देऊ नका, कोरडा दिवस पाळा. अहो आम्ही पाळत होतो की! दर रविवारी पिंप ओतायचं, परत भरायचं, तरी धाकट्याला डेंग्यू झालाच. मग तपासणीला आलेल्या आरोग्यसेविका ताईंनी पिंपात हात फिरवून विचारलं, आतून घासता का? मी म्हटलं कशाला, पाणी तर बदलतोय. तेव्हा कळलं की या डासाची मादी पाण्याच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते, ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की पुन्हा सुरू. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा, हेही तेव्हाच कळलं. (डास शेजारच्या कुंडीतला असेलही, पण आमचं पिंप काही स्वच्छ नव्हतं हे कबूल.)

आपण नुसत्या सूचना देतो आणि त्यालाच आरोग्यशिक्षण म्हणतो, घोळ इथेच आहे.

नारूचंच बघा ना, पिण्याच्या पाण्यातून होणारा तो जंताचा रोग. त्याला ना लस ना औषध, आजही नाही. 1986 साली जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते, आता वर्षाला 20 सुद्धा होत नाहीत. तळ्यात किडे मारायचं औषध टाकलं, चांगल्या पाण्याची सोय केली हे खरंच, पण गावोगाव बसून लोकांना समजावलं की पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात नारूच्या अळ्या असतात म्हणून पाणी फडक्यातून गाळा, आणि पायातून नारू बाहेर येताना आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि तिथेच तो जंत अळ्या सोडतो, म्हणून तेव्हा तळ्यात उतरू नका. एवढं डोळ्यासमोर उभं राहिलं की कोण उतरेल?

तर विनंती अशी की तुमच्या आरोग्य पुरवणीत ते सुपरफूड वगैरे जरा कमी करा आणि 'असं का?' म्हणून छोटी चौकट चालू करा. पहिला विषय मीच देतो, साध्या सर्दीला अँटिबायोटिक का चालत नाही. विषाणूवर त्याचा उपयोग नसतो हे मी सांगून थकलो, घरात अजून दोन पार्ट्या आहेत, पेपरात छापून आलं तर कदाचित ऐकतील.

आपला,
एक नियमित वाचक