बाबांची वर्कशॉप कॅल्क्युलेशनची वही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, गुडघ्याचं विचारलं की तू फोनवर विषय बदलतेस. व्यायाम सोडलास ना? पुन्हा सुरू कर.

बाबा, तुमच्याशी जरा कामाचं बोलायचंय. इथून जवळच, जोलिएटला, १९०१ मध्ये अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज निघालं. तेव्हा हेतू एवढाच, की विद्यापीठाची पहिली दोन वर्षं मुलांना गावातच शिकता यावीत. नर्सिंग, वेल्डिंग मागाहून आलं. आमच्या कॉलेजात आज वर कॅल्क्युलसचा वर्ग आणि खाली वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, पण मधला जिना कुणी चढत-उतरत नाही.

आता वेल्डिंगच्या मुलांचं गणित कमी करायचं घाटतंय. त्यांना लवकर कामाला लागायचंय, घरभाडं थांबत नाही, हे मलाही पटतं. तरी मी विरोधात बोलले.

त्यांच्यातला एकजण रात्रभर गोदामात राबून सकाळी वर्गात येतो. पाइप ४५ अंशांत वळवून १० इंच बाजूला न्यायचा, तर तिरका तुकडा १४.१४ इंच; १.४१४ने गुणायचं, हे त्याला तोंडपाठ. हा आकडा आला कुठून, विचारलं तर गप्प. मी खडूने फरशीवरच काटकोन त्रिकोण काढला, दोन बाजू सारख्या; मग तिरकी बाजू त्यांच्या √२ पट, म्हणजे १.४१४ पट. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ३० अंशांचंही मला काढता येईल." आणि काढलं की! २० इंच, अगदी बरोबर.

वरच्या वर्गातल्या, पुढे इंजिनिअर होणाऱ्या मुलांना हेच झोपेतही येतं, पण बारीक मोजमापाचा व्हर्नियर हातात दिला की बावरतात.

बाबा, आपण कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यातले, 'कमवा आणि शिका' ऐकतच वाढलो. तुम्ही स्वतः आयटीआयत शिकवलंत. तरी दादाने आयटीआयचा फॉर्म भरला तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही, आणि मला बी.एस्सी.ला घालताना तुम्ही म्हणालात, "हिला डोकं आहे." दादा दारातच उभा होता. मी तेव्हा हरखले होते. आता ते आठवलं की फार लागतं. त्याच्याशी एकदा बोला ना.

आणि तुमची ती हिरव्या पुठ्ठ्याची वही शोधा. डाव्या पानावर गणित, उजवीकडे त्याच जॉबचं ड्रॉइंग. मला अभ्यासक्रम तसाच बसवायचाय. पुढच्या आठवड्यात सभा आहे, तेव्हा दादाला सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमची,
मनू