शिक्षकांनाही सोबत हवी

महोदय,

नाशिक जिल्ह्यातील पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत, पाड्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांतून मी बरीच वर्षे शिकवले. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात. त्यांपैकी एक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला शिक्षक चारही वर्ग सांभाळतो आणि दिवसभरात एकाही सहकाऱ्याशी त्याचे बोलणे होत नाही. एखादे मूल वाचनात नेमके कुठे अडले आहे, हे कुणाला तरी विचारावेसे वाटते त्या क्षणी जवळ कोणी नसते, आणि ही उणीव पगारवाढीने किंवा नव्या ॲपने भरून निघत नाही.

केंद्रस्तरावरील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील शिक्षकांची, मासिक शिक्षण परिषद खरे तर यासाठीच असते. मी ज्या परिषदांना जात असे, तेथे मात्र बहुतेक वेळ तक्ते भरण्यात आणि परिपत्रके वाचण्यात जाई. खरी चर्चा सुरू होई ती डबे उघडल्यावर. जोडाक्षरे टाळ्यांच्या तालावर शिकवण्याची युक्ती मला अशीच नागलीची भाकरी वाटून घेताना मिळाली आणि ती मी निवृत्तीपर्यंत वापरली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लहान शाळांतील शिक्षकांचा एकाकीपणा कमी व्हावा म्हणून शाळा संकुलांची, म्हणजे जवळपासच्या शाळा एकत्र जोडण्याची, कल्पना मांडलेली आहे. ती सर्वत्र रुजेपर्यंत परिषदेतील निदान एक तास शिक्षकांच्या आपसांतील बोलण्यासाठी राखून ठेवावा आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला पहिले वर्षभर त्याच केंद्रातील एका अनुभवी शिक्षकाची सोबत द्यावी, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक