चावी देणाऱ्याचं काय? परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिग्नल तोडला की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि चलन मोबाइलवर येतं. चालवणाऱ्याकडे लायसन्स आहे की नाही, ते मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी पोलिसानं गाडी अडवावी लागते. त्यामुळे बरेच जण उजेडात येतात ते अपघात झाल्यावरच.

विनालायसन्स सापडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१ लागतं : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड ५०० रुपये होता. वाढला, बरंच झालं. माझी तक्रार आहे ती शेजारच्या कलम १८० बद्दल. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही त्यात एवढीच शिक्षा सांगितली आहे. पण पावती फाटते चालवणाऱ्याची, चावी देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ आहे. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पालकाची संमती होती असंच न्यायालय गृहीत धरतं. नव्हती हे त्यानं सिद्ध करायचं. 'आमचा आठवीतला पठ्ठ्या काय गाडी मारतो!' असं कौतुकानं सांगणाऱ्या बापाला यातलं काही ठाऊक असतं का?

'विमा आहे ना' हा दुसरा भ्रम. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालानंतर जखमीला भरपाई कंपनीकडून मिळू शकते, पण मालकानं जाणूनबुजून विनालायसन्स माणसाला गाडी दिली असेल, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. ती लाखांतही जाऊ शकते.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. मुदत संपलेलं लायसन्स खिशात घालून मी चार महिने फिरलो. मुदत संपल्यावरही लायसन्स चालण्याची पूर्वीची ३० दिवसांची सवलत २०१९ मध्येच गेली, हे मला नूतनीकरणाच्या वेळी कळलं.

म्हणून दोनच मागण्या. गाडीची नोंदणी होतानाच १८० आणि १९९अ ही कलमं साध्या मराठीत एका पानावर छापून मालकाची त्यावर सही घ्या. आणि १८१ खाली चलन फाडताना 'गाडी कुणी दिली?' हा प्रश्न त्या फॉर्मवरच येऊ द्या.

आपला,
एक वाहनचालक