फिटनेस २०३२ पर्यंत

मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. तीस वर्षं कापडावर खडू चालवतोय, त्यामुळे माप चुकलं की आपल्याला लांबूनच कळतं असा माझा समज होता. एका जुन्या मोटरसायकलीपायी तो समज मला ५२ हजारांना पडला, वर दवाखान्याचे ६८ हजार. त्या गाडीबद्दल तक्रार केली होती, काल सकाळी मोबाईलवर मेसेज आला की 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' ना कोणी फोन केला, ना कोणी गाडी पाहिली. तक्रार निकाली, पोराचा हात प्लास्टरमध्ये. म्हणून हे पत्र.

मुलगा चिंचोळी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जातो. रात्री साडेअकराला सुटतो. त्या वेळेला बस नाही, रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. नवी मोटरसायकल परवडत नव्हती, म्हणून जुनी बघितली. २०१७ चं पासिंग, एमएच १३, मीटरवर २३ हजार. गाड्या घेणारा-विकणारा म्हणाला, "मास्टर, शाळेतल्या सरांची गाडी आहे, घर ते शाळा, शाळा ते घर."

आता आपण म्हणाल, आधी चौकशी करायची होती. केली ना साहेब! सरकारी ॲपवर नंबर टाकला. मालक पहिलाच, विमा चालू, पीयूसी चालू, बँकेचा बोजा उतरलेला. गाडी चोरीची नाही ना, तेही सरकारी संकेतस्थळावर बघितलं. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, आरसीशी आकडा न् आकडा जुळवला. आणि ॲपवर ठसठशीत लिहिलं होतं: फिटनेस वैध, २०३२ पर्यंत. ते वाचून माझ्या बायकोनं देवापुढे साखर ठेवली.

ही २०३२ कुठून आली, ते मला नंतर कळलं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१७ मध्ये १५ मिळवले की झाले २०३२. बेरीज बरोबर आहे, गाडी कोणी बघितलेली नाही. मालट्रकला, टॅक्सीला ठरावीक मुदतीनं तपासणी आहे. मोटरसायकल मात्र शोरूममधून बाहेर पडली की १५ वर्षं तिच्याकडे सरकारचा माणूस ढुंकून बघत नाही. मग त्या रकान्याला 'फिटनेस' कशाला म्हणता? 'मुदत' म्हणा. मी साखर तरी वाचवली असती.

गाडी घेतल्यावर एकोणिसाव्या दिवशी रात्री पुणे रोडवर हँडल थरथरायला लागलं आणि पुढचं चाक आडवं झालं. मागून ट्रक नव्हता एवढीच सिद्धेश्वराची कृपा. पोराचं उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसवली. आमच्या मिस्त्रीनं टाकी काढली, टॉर्च धरला आणि हँडलच्या खाली बोट ठेवलं. "मास्टर, ही समोरून आपटलेली गाडी आहे की ओ. इथं वेल्डिंग मारून वरून रंग दिलाय." फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, एक पाइप जुना, एक नवा. फुटरेस्टचं रबर घासून गुळगुळीत झालेलं. २३ हजारात एवढं घासत नाही म्हणे. हे मला कोण शिकवणार होतं? मला कॉलर कळते, फोर्क नाही.

मग एका सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या पोरानं कॉम्प्युटरवर बघितलं. २०२१ च्या सर्व्हिसिंगला याच गाडीचं रनिंग ५८ हजार! म्हणजे नोंद होती. मी घ्यायच्या आधी तिथंच विचारायला गेलो होतो, तेव्हा उत्तर मिळालं, "मालकाला घेऊन या."

बरं, सरकारला नोंदी ठेवता येत नाहीत असंही नाही. गाडी नावावर करताना आधीच्या मालकाची २,५०० रुपयांची चलनं निघाली, ती मी भरली. एका चलनावर त्याचा बिनहेल्मेटचा फोटो होता. चौक, तारीख, वेळ, सगळं. शाळेतले सर भर दुपारी पुण्यात काय करत होते, देव जाणे. शिवाय नव्या नंबरप्लेटचे ५३१ रुपये भरले. म्हणजे जिथं आमच्याकडून घ्यायचंय तिथं आपली स्मरणशक्ती अफाट.

माझा भाचा इंग्लंडात आहे. तो सांगतो, तिथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, मोटरसायकललासुद्धा. सरकारच्या साइटवर कोणीही कुठल्याही गाडीचा नंबर टाकावा, फुकट. कोणत्या वर्षी पास, कोणत्या वर्षी नापास, कशामुळे, आणि दर वेळचं मीटर रीडिंग. मीटर मागे फिरवलं की दुसरीतलं पोरगंही ओळखेल.

इथं लगेच तसं करा असं मी म्हणत नाही. पण पीयूसीवाला गाडीचा फोटो काढतोच, तिथंच मीटरचा आकडा लिहायला किती शाई लागेल? विमा कंपनीनं अपघाताचे पैसे दिले असतील तर तेवढी एक ओळ नंबरापुढे दिसू द्या. गाडी नावावर होताना कागदाबरोबर गाडीही कोणीतरी बघा. आणि जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी परवानगी घ्यायची, नोंदवही ठेवायची, हा केंद्राचा नियम २२ डिसेंबर २०२२ ला निघाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. आमच्या व्यापाऱ्याला परवानगीचा कागद मागितला तर त्यानं मला चहा पाजला.

आमच्या गल्लीत २६ घरं, मोटरसायकली ३१, निम्म्याहून जास्त जुन्या घेतलेल्या. हाच हिशेब अख्ख्या शहराला लावा, पुढं जिल्ह्याला. लाखाच्या वर गेला नाही तर माझी कात्री तुमची. आकडा चुकला असेल तर खरा तुम्ही सांगा, नंबरप्लेटा तुमच्याकडे आहेत.

आणि मोटरसायकल हवीच कशाला होती आम्हाला? याच शहरात ९९ नव्या बसच्या चेसिसला तडे गेले, ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत घोळलं. महापालिकेनं नव्या गाड्या घेतल्या तरी चेसिस फुटकी, तिथं माझ्यासारख्यानं जुनी घेताना काय ओळखावं! उजनी भरलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि ॲपवर मात्र सगळं वैध. रागावू नका, एकात एक निघतंय.

शेवटचं सांगतो, मग थांबतो. परवा तोच व्यापारी घरी आला होता. गाडी २० हजारांना परत घेतो म्हणाला, अट एकच: कुणापाशी बोलायचं नाही. "गिऱ्हाईक बार्शीकडचं आहे, मीटर पुन्हा सेट करून देतो." दवाखान्याचं उसनं अजून फिटलेलं नाही, साहेब. मी त्याला अजून नाही म्हटलेलं नाही.

आपला,
जोडबसवण्णा चौकाजवळ राहणारा एक कटिंग मास्टर, सोलापूर