डाउडिंग यांचे नाव विसरू नका

मा. संपादक,

१९४० मध्ये जर्मन विमानदलाला ब्रिटनच्या आकाशात रोखणाऱ्या ‘ब्रिटनच्या लढाई’वरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. स्पिटफायर लढाऊ विमाने आणि पंतप्रधान चर्चिल यांच्यावर भरभरून लिहिले आहे, पण ज्यांच्या हुकमतीखाली ते वैमानिक लढले, त्या एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांचे नाव लेखात एकदाही नाही. भारतीय हवाई दलात रडारवर नोकरी झालेल्या माझ्यासारख्याला हे फार लागले.

१९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हेंट्रीजवळ रेडिओलहरींनी विमान हेरण्याचा, म्हणजे रडारचा, प्रयोग झाला, तेव्हा ब्रिटिश हवाई दलातले संशोधनाचे काम डाउडिंग यांच्याकडे होते. त्यांनी त्यामागे बळ उभे केले. पुढच्याच वर्षी ते फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचे, प्रमुख झाले. किनाऱ्यावरचे रडार फक्त समुद्राकडे पाहायचे. शत्रूचे विमान जमिनीवर आले की डोळ्यांनी टेहळणी करणारे लोक टेलिफोनवरून खबर देत. रडारची सगळी माहिती आधी लंडनजवळच्या बेंटली प्रायरी इथल्या फायटर कमांडच्या मुख्यालयात यायची. तिथे शत्रूविमानांच्या एकाच टोळीच्या दुहेरी खबरा वेगळ्या काढून खरे चित्र टेबलावरच्या नकाशावर मांडले जाई. मग ती खबर ‘ग्रुप’ या विभागीय मुख्यालयाकडे, तिथून ‘सेक्टर’ या त्याखालच्या तळाकडे आणि शेवटी वैमानिकाच्या कानात आवाज. त्यामुळे विमाने आभाळात उगाच घिरट्या घालत बसली नाहीत, इंधन वाचले आणि माणसेही वाचली. आमच्या वेळी यंत्रे कितीतरी पुढे गेली होती, पण पडताळल्याशिवाय विमान उडवायचे नाही ही शिस्त तीच होती.

आणि १६ मे १९४० चे ते पत्र! फ्रान्स कोसळत होता, आणखी लढाऊ विमाने पाठवा असा दबाव होता. मायदेशाच्या रक्षणाला ५२ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) लागतील असा हवाई मंत्रालयाचाच अंदाज होता, हाती उरल्या होत्या ३६. डाउडिंग यांनी लेखी बजावले की इथली विमाने तिकडे अशीच झिजली तर फ्रान्सबरोबर ब्रिटनही जाईल. युद्धकाळात सरकारला असे सुनावायला छाती लागते. त्यांचा स्वतःचा मुलगा डेरेक त्याच फायटर कमांडमध्ये स्पिटफायर उडवत होता, हेही लक्षात घ्या.

लढाई जिंकल्यावर काय मिळाले? रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांवर त्यांच्याकडे लगेच तोडगा नव्हता, ही टीका मी खोडून काढणार नाही. निवृत्तीही पूर्वीच लांबणीवर पडलेली होती. पण विमानांचे मोठे थवे एकत्र चढवावेत की नाही, या वादात थव्यांचा आग्रह धरणारे दुसऱ्या ग्रुपचे प्रमुख ली-मॅलरी यांच्या बाजूचे लोक वरचढ ठरले आणि नोव्हेंबर १९४० मध्ये डाउडिंग यांना पदावरून दूर केले. दक्षिण इंग्लंडवरचा मुख्य मारा ज्यांच्या ग्रुपने झेलला, त्या कीथ पार्क यांनाही प्रशिक्षणाच्या कामावर धाडले. १९४१ मध्ये हवाई मंत्रालयाने या लढाईवर पुस्तिका काढली, तीत डाउडिंग यांचे नावच नव्हते. खुद्द चर्चिल त्यावर संतापले होते.

म्हणून विनंती आहे, पुढच्या रविवारी चार ओळींची का होईना, त्या लेखाला जोड द्या. तीत पार्क यांचेही नाव असू द्या.

— एक निवृत्त वायुसैनिक, नाशिक रोड